धूम्रसेनाचं आजोळ

पागनीसमामा मला पहिल्यांदा भेटले ते माझ्याच लग्नात, आणि भेटले ते थेट माझा हात धरायला. माझा सख्खा मामा नागपूरहून निघाला होता आणि त्याची गाडी बीना स्टेशनच्या अलीकडे कुठेतरी उभी होती. मुलीला बोहल्यावर न्यायला मामा लागतो, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि मुहूर्त रेल्वेसाठी थांबत नाही. बाबांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पागनीसांना फोन लावा न." थोड्या वेळात बांधलेला फेटा डोक्यावर ठेवून एक उंच, वाळका माणूस स्कूटरवरून उतरला. त्याने माझा हात धरला आणि चालता चालता विचारलं, "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?"

मला वाटलं, हा विधीचाच भाग असेल. मी सांगितलं.

"आणि आजीचं?"

ते मला माहीत नव्हतं. मामा मांडवाच्या मधोमध थांबले. भटजी तिकडून खुणा करत होते, पण ते हलेनात. "आजीचं माहेरचं नाव मालूम नाही आणि लग्न करायला निघालीस," असं म्हणून त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि मग मला पुढे नेलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझ्या चेहऱ्यावर जो अपराधी भाव आहे, तो नवऱ्यामुळे नाही, मामांमुळे आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या कितीतरी मुलींचे ते असे ऐनवेळचे मामा होते. नातेवाईक पुण्याला, नागपूरला, इंदूरला. मामा म्हणून उभं राहायला मात्र हेच. त्यामुळे साऱ्या गावाने त्यांना मामा करून टाकलं होतं. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुलवृत्तान्ताचं काम अंगावर घेतलं होतं. एकेका कुळातली सगळी माणसं पिढीवार मांडायची आणि त्याचं पुस्तक करायचं. स्वतःच्या कुळापासून सुरुवात केली आणि मग लोकांच्या कुळांत शिरले. स्कूटरला प्लास्टिकच्या पाइपचा एक लांब तुकडा बांधलेला असे. त्यात वंशावळीची गुंडाळी. दर्पण कॉलनीत आमच्या दोन गल्ल्या पलीकडे ते राहात, आणि तिथल्या नव्या भाडेकरूंनी त्यांना दोनदा टाकीचा नळ दुरुस्त करायला आत बोलावलं होतं. मामा दोन्ही वेळा गेले. नळ तसाच गळत राहिला, पण भाडेकरूंच्या सहा पिढ्या लिहून झाल्या.

पुरुषांमध्ये मामांना फारसा रस नव्हता. "पुरुष काय, एकाच नावाने जन्मतो आणि एकाच नावाने मरतो. त्यात शोधायचं काय?" त्यांना बायका हव्या असत, म्हणजे बायकांची माहेरची नावं. आपल्याकडे लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं, की जुनं गेलं. मामांचं म्हणणं, अर्धं कुळ त्या तांदळात हरवलंय. म्हणून भेटेल त्या बाईला ते तो प्रश्न विचारत. दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या नर्सला विचारला. फूलबागच्या चौकात हेल्मेट नाही म्हणून एका पोलीसबाईने त्यांना अडवलं, तर तिलाही विचारला. तिने चलान फाडलं, यांनी तिची वंशावळ लिहून घेतली, आणि दोघंही आपापलं काम चोख झालं म्हणून खूश होती.

आणि या माणसाला स्वतःच्या आईचं माहेरचं नाव माहीत नव्हतं.

हे ते लपवत नसत. पागनीस कुलवृत्तान्ताची पहिली आवृत्ती निघाली, त्यात त्यांच्या आईच्या रकान्यात 'सौ. रमाबाई' आहे आणि पुढे 'माहेरचे नाव, गाव' इथे कोरी जागा आहे. कारण ऐकलं की हसावं की रडावं कळत नाही. मामांच्या आईच्या लग्नात मुलीकडच्यांचं श्रीखंड विहिणीच्या पंगतीला कमी पडलं. मामांचे आजोबा मानपानाचे भारी. त्यांनी भर मांडवात सांगितलं, या सोयऱ्यांचं नाव पुन्हा आमच्या घरात निघणार नाही. आणि खरंच निघालं नाही. मामा दीड वर्षाचे असताना आई गेली. वडील बोलले नाहीत, आजोबांपुढे कुणाची विचारायची टाप नव्हती, आणि मामांना कळू लागलं तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ते त्र्यंबकेश्वरला जाऊन उपाध्यायांच्या चोपड्या चाळून आले. तिथेही सगळ्या बायका सासरच्या नावाने. "एका वाटीभर श्रीखंडापायी माझं आजोळ गेलं बघ," ते म्हणत. श्रीखंड त्यांनी आयुष्यात तोंडाला लावलं नाही. दुसरी आवृत्ती तयार होती, छापखान्याचे निरोपावर निरोप येत, पण मामा काही मजकूर देत नव्हते. तो रकाना भरल्याशिवाय द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि वय तर अठ्ठ्याहत्तर झालं होतं.

आता माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एका ऑडिओ ॲपसाठी हिंदीत मालिका लिहिते. रोज एक भाग. जादू, राक्षस, शापित राज्यं, आकाशातून पडणाऱ्या तलवारी. माझा नायक धूम्रसेन. ना आई, ना बाप. ज्वालामुखीतून तलवारीसकट बाहेर आलेला महायोद्धा. शेकडो भाग त्याने नुसती मुंडकी उडवली आणि लोक खूश होते. मग एक दिवस नोएडाहून आमच्या संपादक गरिमाचा फोन आला. "शुभा जी, लिसनर पूछ रहे हैं कि धूम्रसेन के मम्मी-पापा कौन हैं। एक फैमिली ट्रैक डालिए। थोड़ा इमोशनल।"

मला काही सुचेना. ज्वालामुखीचं लग्न कुणाशी लावू? मी डोकं धरून बसले होते, तेवढ्यात मामा आले. त्यांच्यापुढे शेव घातलेले पोहे ठेवले आणि चिडचिड करत सगळं सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"ज्वालामुखीतून आला?"

"हो."

"तलवारीसकट?"

"हो, मामा."

"मग बारसं कुणी केलं? धूम्रसेन नाव कुणी ठेवलं? ज्वालामुखीने?"

मी म्हटलं, ही कल्पनेतली गोष्ट आहे, यात चालतं. मामा गंभीर झाले. "बात अशी आहे शुभा, माणूस कल्पनेतला असू दे, पण त्याची आत्या तर खरी पाहिजे न." दुसऱ्या दिवशी ते पाइप घेऊन आले आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर धूम्रसेनाच्या कुलवृत्तान्ताचा कोरा कागद पसरला. दोन्ही टोकांना वजन म्हणून तिळाच्या गजकाचे डबे ठेवले.

पुढचा महिना माझ्या घरी जे चाललं, त्याला लेखन म्हणावं की चौकशी, मला अजून ठरवता आलेलं नाही. मामा विचारत आणि मी आरोपीसारखी उत्तरं देत असे. मूळ गाव कोणतं? ते सोडून ही मंडळी इकडे का आली; दुष्काळ, नोकरी की भाऊबंदकी? मला माहीत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "भाऊबंदकी लिही, ती चुकायची नाही." कुलदैवत, गोत्र, घरात गणपती दीड दिवसांचा की पाच. माझ्या मालिकेत गुहेच्या तोंडाशी खजिना राखत बसलेला सात तोंडांचा एक सर्प होता, त्याच्याकडे बघून ते बराच वेळ विचारात पडले. "हा दुसऱ्यांच्या घरात इतकी वर्षं का बसलाय? घरजावई असणार." मी तसं लिहिलं. तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला. सर्पाबद्दल इतकी सहानुभूती मला आधी कधीच जमली नव्हती.

धूम्रसेनाच्या पूर्वजांविषयी मामांनी ठरवलं ते असं. सात भाऊ दक्षिणेतून नदी ओलांडून उत्तरेत आले. सहा लढाईत पडले. सातवा तापाने फणफणून छावणीतच राहिला, त्याचा वंश वाढला. हा भाग आला आणि चार दिवसांनी बिरलानगरचे कदम नावाचे एक निवृत्त फौजी, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, माझ्या दारात उभे. मामा तिथेच होते.

"ताई, सातव्या भावाला ताप नव्हता," कदम म्हणाले.

मी म्हटलं, "कोणत्या सातव्या भावाला?"

"आमच्या. तो घोड्यांसाठी चारा आणायला गेला होता, म्हणून वाचला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगतात. तुम्ही ताप लिहिला, तर लोकांना वाटेल घाबरून पडून राहिला. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आमच्या."

मी त्यांना सांगणार होते की हे राज्य नाही, ही नदी नाही आणि हा सातवा भाऊ मंगळवारी चहा पिताना जन्मला. पण मामांनी मला हाताने थोपवलं. कदमांना बसवलं, चारा कोणता, कोणत्या दिशेला गेला, हे सांगणारं घरात आणखी कोण आहे, सगळं विचारून लिहून घेतलं. आणि मला म्हणाले, "दुरुस्ती टाक. दोन साक्षी आहेत त्यांच्याकडे." पुढच्या भागात एका म्हाताऱ्या चेटकिणीच्या तोंडून मी खुलासा केला की सातवा भाऊ चाऱ्याला गेला होता. कदमांच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचा सख्खा मामा वेळेवर पोचला होता, तरी त्यांनी पागनीसमामांना पंगतीत पहिलं बसवलं.

गरिमालाही मामांनी सोडलं नाही. तिचा फोन आलेला असताना माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "आपकी माताजी का मायका कहाँ का? नानी का शादी से पहले का नाम?" मग ती म्हणाली, "सर, मीटिंग है।" पण दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून सांगितलं की तिने आईला विचारलं, आईलाही माहीत नव्हतं, मग दोघींनी मावशीला फोन लावला आणि तिघी तासभर बोलत बसल्या. नाव सापडलं होतं. ते तिने मामांना सांगितलं आणि मामांनी ते लिहून ठेवलं. कशासाठी, कुणास ठाऊक.

मग धूम्रसेनाच्या आईची पाळी आली. तोवर उत्साहाने बोलणारे मामा एकदम सावकाश बोलायला लागले. तिचं नाव त्यांनी ज्योतिर्लेखा ठेवलं. माहेरचं, सासरचं वेगळं, असे दोन कागद केले. तिच्या लग्नात श्रीखंड कमी पडलं.

गरिमा म्हणाली, "शुभा जी, डार्क फैंटेसी में श्रीखंड?"

मी म्हटलं, असू दे. मला आता कळलं होतं काय चाललंय ते.

त्या दिवशी मामांनी मला ते सांगितलं जे कुलवृत्तान्तात नव्हतं. त्यांच्या आत्यालाही ते नाव माहीत नव्हतं, पण मरायच्या आधी तिने एक गोष्ट सांगितली होती. ती आठ वर्षांची असताना एक माणूस दारात आला होता. वहिनीचा भाऊ. आजोबांनी त्याला आत घेतलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. हातातली फडक्याची पुरचुंडी पायरीवर ठेवून तो निघून गेला. पुरचुंडीत सोललेली चारोळी होती. आत्याने ती जिन्याखाली बसून एकटीने खाल्ली आणि म्हणूनच तिला सगळं लक्षात राहिलं. "माझा मामा होता तो," मामा म्हणाले. "माझ्या जन्माचं ऐकून आला असेल. आणि परत गेला."

साऱ्या गावाचा मामा झालेला हा माणूस, त्याचा मामा पायरीवरून परत गेला होता. मी म्हटलं, "लिहू या का हे?"

"लिही. पण चारोळी लिहू नको, मध लिही."

"का?"

"कचेरीत चाळीस वर्षं बसलोय मी. सगळं सांगून टाकलं की ज्याला-त्याला आपण वारस आहोत असं वाटायला लागतं. एक गोष्ट आपल्याजवळ ठेवायची."

तर धूम्रसेनाचा मामा द्रोणात मध घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला, पाण्याशिवाय परत गेला, आणि भागाच्या शेवटी मी माझ्या आवाजात एक ओळ घातली की हा किस्सा ग्वाल्हेरच्या एका मराठी घरात खरोखर घडलेला आहे, कुणाला ओळखीचा वाटला तर कळवा. खाली माझा नंबर दिला. नवऱ्याने मला वेड्यात काढलं.

फोन आले. झाशीहून एक, इंदूरहून दोन, एक ग्वाल्हेरमधूनच. सगळ्यांच्या घरातला कुणीतरी कुणाच्या तरी दारातून परत गेला होता. ऐकून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. इतके मामा पायऱ्यांवरून परत गेले असतील असं वाटलं नव्हतं. पागनीसमामा प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "मधच होता न? पक्कं?" सगळे म्हणत, मधच. इंदूरच्या एकाने तर कोणत्या फुलांचा ते सांगितलं. मामा आभार मानून फोन ठेवत आणि म्हणत, "हे नाहीत." दोन महिने असे गेले. ते मला धीर देत, पण बारीक होत चालले होते. येताना पाइप आणायचे नाहीत.

मार्चमध्ये एका सकाळी सागरहून फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा आणि रागावलेला. यमुताई म्हणून होत्या. त्यांची नातसून पापड लाटताना माझी मालिका लावते, ती त्यांच्या कानावर पडते.

"काय हो बाई, तुम्हीच का ती धूम्रसेनवाली? सगळं बरोबर लिहिलंत, श्रीखंडाचंपण बरोबर, मग मध का म्हणून घातलात? माझा बाप मध घेऊन गेला नव्हता. चारोळी घेऊन गेला होता. दोन दिवस बसून फोडली होती त्याने, बोटं सोलून निघाली होती. बहिणीला फार आवडायची म्हणून. आणि तुम्ही खुशाल मध लिहिता."

मामा समोर पोहे खात होते. मी फोन स्पीकरवर टाकला. ताटलीवर चमचा वाजत होता तो थांबला. यमुताई बोलतच होत्या, की बाप मरेपर्यंत सांगायचा, भाच्याचं तोंड बघायला मिळालं नाही. मामांनी तोंड उघडलं. नर्सला, पोलीसबाईला, अनोळखी बायकांना रस्त्यात विचारलेला तो प्रश्न त्यांच्या तोंडून फुटेना. शेवटी मीच विचारलं.

"यमुताई, तुमच्या आत्याचं माहेरचं नाव काय होतं?"

"ठकू."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ज्योतिर्लेखेच्या दोन कागदांकडे पाहिलं. आणि ते हसायला लागले. इतके हसले की पोह्यांची ताटली कलंडली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि यमुताई तिकडून विचारू लागल्या की कोण हसतंय हा मेला. "तुमचा आतेभाऊ," मी सांगितलं.

त्या दिवशी मामांनी नोंद केली नाही. म्हणाले, "आत्या एक, ही दुसरी. दोन साक्षी झाल्या. पण आज हाताला पोहे लागलेत, कागद तेलकट होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कपडे बदलून, शाईने लिहिलं: ठकू, सागर. आठवड्याभरात मजकूर छापखान्यात गेला.

सागरला जायला मात्र त्यांनी मे महिना उजाडू दिला. एवढ्या उन्हात कशाला, आताच जा, असं सगळ्यांनी सांगितलं. ऐकेनात. "आजोळी मे महिन्यातच जातात. शाळांना सुट्टी लागल्याशिवाय कोण जातं?" पुढे ते ग्वाल्हेरला परत आलेच नाहीत. उन्हाळाभर राहिले, पावसाळाही राहिले, आणि भाद्रपदात एका दुपारी जेवण करून तिथेच पडल्या पडल्या गेले. यमुताईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या लग्नात नागपूरची गाडी लेट झाली होती, त्याबद्दल मी त्या गाडीचे आभार मानले. वेड्यासारखं रडले आणि आभार मानले.

पण मला ते आजही दिसतात ते सागरला निघाले त्या सकाळी, बस स्टँडवर. सकाळी सातलाच ऊन तापलं होतं. नवी चप्पल, गळ्यात पाण्याची बाटली, मांडीवर गजकाचे पाच डबे, मामेबहिणीच्या घरातल्या प्रत्येक बाईला एक. खिडकीची जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी हुज्जत घालून झाली होती आणि ती जिंकली होती. मी खिडकीखाली उभी राहून विचारलं, परत कधी येणार?

"मला काय विचारतेस? ते पाठवतील तेव्हा."

मी सांगितलं की गरिमा मागे लागली आहे, धूम्रसेन आता मामाच्या गावी पोचला, फार झाला फैमिली ट्रैक, सोमवारी त्याला युद्धावर पाठवा म्हणते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मामांनी दोन्ही हातांनी गज धरून डोकं जमेल तितकं बाहेर काढलं.

"पाठवू नकोस," ते म्हणाले. "आत्ता कुठे पोचलाय तो."

बस निघाली.